पाठीपुरती सोयर

थेरगाव.
अपघातविरहित दिवस बावन्नावा (म्हणजे काय, ते पुढे येईल).

तीर्थस्वरूप कस्तुरा आत्यांना,

उत्कर्षाचा साष्टांग नमस्कार. साष्टांग हा शब्द रिवाज म्हणून लिहिला आहे. प्रत्यक्षात माझ्या आठ अंगांपैकी सध्या दोन हात आणि एक तोंड एवढंच कामावर आहे, बाकीच्यांना डॉक्टरांनी रजेवर पाठवलं आहे. वाकायचं नाही, उचलायचं नाही, जिन्याकडे बघायचंसुद्धा नाही. तेव्हा हा नमस्कार डाव्या कुशीवरून केला आहे असं समजावं, आशीर्वाद मात्र पुऱ्या मापाचा द्यावा. तुमचा गुडघा कसा आहे? तेल लावता का, की बाटली देव्हाऱ्यामागे ठेवून फक्त वास घेता? गाय व्यायली असं मामंजींकडून कळलं. (मामंजी म्हणजे माझे सासरे, तुमचे धाकटे बंधू तात्याबा. हे तुम्हाला सांगायची गरज नाही, पण हल्ली तुम्ही त्यांना ओळख देत नाही असं ऐकलं, म्हणून आठवण.)

फोन केला असता, पण गेले सत्तेचाळीस दिवस तुम्ही माझा फोन उचलत नाही. त्याआधी उचलत होतात तेव्हा स्पीकर लावून ओट्यावर ठेवत होतात, आणि माझ्या पोटाची हालहवाल निघोज्याच्या अर्ध्या आळीला माझ्याआधी कळत होती. पत्राला स्पीकर नसतो. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे. तुम्ही रोज सकाळी पोथी वाचता, तेव्हा वाचता येत नाही ही सबब चालणार नाही. चष्मा फ्रिजवर असेल.

सगळं पहिल्यापासून लिहिते, कारण भावकीत या प्रकाराच्या निदान चार हकीकती फिरत आहेत आणि त्यातल्या एकीत मला जुळं झालं आहे.

पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत बाळाच्या कमरेपाशी मणका नीट मिटलेला नाही असं दिसलं. डॉक्टरबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. पाठ म्हणजे चेन असं धरा, ती वरून खाली व्यवस्थित लागत आली आणि शेवटच्या दोन इंचांत अडकली. उघड्या राहिलेल्या जागेतून शिरा दिसतात, पोटातलं पाणी त्यांना रोज थोडं थोडं खातं, आणि त्या शिरा पायांकडे जातात. रस्ते तीन होते. गर्भ ठेवायचा नाही, हा एक. जन्मल्यावर ऑपरेशन करायचं, हा दुसरा. तिसरा, आत्ताच, पोटात असतानाच पाठ शिवायची आणि बाळाला उरलेले महिने आतच वाढू द्यायचं. तिसरा रस्ता आहे हे ऐकून तुमच्या भाच्याने, रणजीतने, खुर्ची इतकी पुढे सरकवली की टेबलावरचा प्लास्टिकचा मणका खाली पडला. (त्याला काही झालं नाही. तो मिटलेला होता.)

मग निघोज्याला अंगणात बैठक बसली. तुम्ही बाजेवर, मामंजी तुमच्या पायाशी, रणजीत उभा, आणि भावकीतले भिमाजीअण्णा खुर्चीत, मोबाईलवर आपल्या नव्या बंगल्याच्या टाइल्स बघत. तुमचा पहिला प्रश्न मला अजून तोंडपाठ आहे : "गिराणात काय चिरलंस? खरं सांग." मी खरं सांगितलं. ग्रहणाच्या दिवशी मी चाकणला कंपनीत दुसऱ्या शिफ्टला होते. मी काही चिरलं नाही. कँटीनमध्ये जयदीपच्या वाढदिवसाचा केक कापला गेला, तोही त्याने स्वतः कापला, मी टाळ्या वाजवल्या. तुम्ही "टाळ्यांचं बघावं लागंल" असं म्हणालात आणि भिमाजीअण्णांनी टाइल्सवरून नजर न काढता मान डोलावली.

आत्या, तुमचा तपास मी मानते. मीही नऊ वर्षं तपासणीचंच काम करते आहे. पण तपास तारखेपासून सुरू करावा लागतो. बाळाची पाठ पहिल्या महिन्यातच मिटते किंवा मिटायची राहते. ग्रहण आलं चौथ्या महिन्यात. तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. पहिल्या महिन्यात मला दिवस गेलेत हे मलाच माहीत नव्हतं, तर ग्रहाला कुठून माहीत असणार? डॉक्टरबाई म्हणाल्या, फॉलिक ॲसिडची म्हणून एक साधी गोळी मिळते, ती दिवस राहायच्या आधीपासूनच घ्यायची असते. घेऊनही कधी कधी असं होतं, तेव्हा दोष कोणालाच नाही. ती गोळी मला कोणी सांगितली नव्हती. ग्रहणाचं मात्र सतरा जणींनी सांगितलं होतं. आपल्या भावकीतल्या सृष्टीच्या लग्नाला तीन महिने राहिलेत, तिला आत्तापासून गोळी सुरू करायला सांगा. भाजी तिला हवी तेव्हा चिरू दे.

मग तुम्ही निकाल दिलात. "असलं लेकरू कशाला ठिवायचं? पोरीचं वय हाय. झाडाला फिरून फळ लागंल." आवाज चढवला नव्हता, म्हणून जास्त लागलं. दुसऱ्या कोणी तो पहिला रस्ता घेतला असता तर तिला मी एका शब्दाने बोलले नसते. ज्याचं त्याला ठाऊक. पण माझा रस्ता मी निवडायचा होता, तुमच्या बाजेवरून नाही.

आमच्या कंपनीत फायनल इन्स्पेक्शनला तीन रंगांचे डबे असतात. हिरव्यात चांगला माल, लालमध्ये बाद झालेला, आणि पिवळ्यात दुरुस्तीचा. दुरुस्तीचा माल म्हणजे बाद माल नव्हे, हे नव्या पोरांना शिकवता शिकवता माझा घसा बसतो. पोरांना लाल डबा आवडतो, कारण टाकलं की विषय संपतो. पिवळ्या डब्याला मेहनत आहे : कागद भरा, पुन्हा टेबलावर घ्या, पुन्हा मोजा. मी नऊ वर्षांत पिवळ्यातला एकही पीस आळसाने लालमध्ये जाऊ दिलेला नाही. लोखंडाच्या ब्रॅकेटसाठी मी सुपरवायझरशी भांडले आहे आत्या, आणि माझ्या लेकराला तुम्ही मोजमाप न घेता लाल डबा दाखवलात. तरी मी त्या दिवशी गप्प बसले, कारण सासूबाई गेल्यावर रणजीतला तुम्ही वाढवलंत, आणि तुमच्या अंगणात तुमच्यावर आवाज चढवणं हे मला जमत नाही. (पत्रात जमतं. डाव्या कुशीवर तर फारच जमतं.)

म्हणून आम्ही ठरवलं, ऑपरेशन करायचं आणि गावात कोणाला सांगायचं नाही. फक्त मामंजींना सांगितलं आणि त्यांच्याकडून शब्द घेतला की विचारलं तरी बोलायचं नाही. ही आमची पहिली चूक. मामंजींसारख्या माणसाकडून शब्द घेताना त्याची मुदतही ठरवून घ्यायला हवी होती.

पंचविसाव्या आठवड्यात ऑपरेशन झालं. माझं पोट उघडलं, मग गर्भपिशवी उघडली, बाळाला हलकेच फिरवून पाठ तेवढी खिडकीत आणली, शिवली, पाणी भरलं, आणि सगळं होतं तसं बंद केलं. बाळाला भुलीचं वेगळं इंजेक्शन दिलं. वजन पाऊण किलो. दवाखान्याच्या फॉर्मवर त्याच्यासाठी वेगळं पान होतं आणि त्यात जन्मतारखेचा रकाना. रकाना भरल्याशिवाय कॉम्प्युटर पुढे जात नव्हता. काउंटरवरची मुलगी रणजीतला म्हणाली, "सर, अंदाजे सांगा ना." रणजीत म्हणाला, "मॅडम, तीच तर पुढं ढकलायला आलोय आम्ही."

ऑपरेशन संपल्यावर त्याने मामंजींना मेसेज केला. तुमचा भाचा कंपनीत मेंटेनन्सला असल्यामुळे मशीन चालू झाल्यावर जसा लिहितो तसाच त्याने लिहिला : ऑपरेशन झालं, आई आणि बाळ दोघं सुखरूप. मामंजी तेव्हा पारावर बसले होते. मेसेज वाचून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि बोलणार नाही हा शब्द दिलेला असल्यामुळे त्यांनी काही न बोलता मोबाईल शेजारच्याच्या हातात दिला. एवढंच. पुढचं गावाने केलं. सातव्या महिन्यातच सुटली, ऑपरेशन करावं लागलं, सातव्याचं जगतं, काळजी नको. (सहावा चालू होता. पण आपल्याकडे आनंदाच्या वेळी महिना वरच धरतात.) मुलगा की मुलगी ते मेसेजात नव्हतं, म्हणून कोणीतरी गावात पेढेही वाटले आणि जिलबीही वाटली. आणि भावकीला सोयर लागली.

सोयर लागली म्हणजे दहा दिवस देवपूजा बंद. आणि भिमाजीअण्णांच्या बंगल्याची वास्तुशांत दोन दिवसांवर. मांडव घातलेला, बुंदी पाडून झालेली, गुरुजी ठरलेले. ती वास्तुशांत पुढे गेली. बुंदी आळीत वाटली. अण्णांचे देव पंचवीस लाखांच्या बंगल्याबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये बसून राहिले, कारण थेरगावला एक बाळ जन्मलं होतं, जे जन्मलं नव्हतं. आणि हे सगळं मामंजी उघड्या डोळ्यांनी बघत होते. त्यांना खरं माहीत होतं. पण बोलायचं नाही म्हणजे नाही. त्यांनी पेढा खाल्ला, जिलबी खाल्ली, आणि सगळ्यांबरोबर स्वतःही पाच दिवस सोयर पाळली. मी नंतर विचारलं, मामंजी, तुम्ही तरी का पाळलीत? म्हणाले, "एकट्यानं देवपूजा केली असती तर लोकांनी इचारलं असतं."

पाचव्या दिवशी मला दवाखान्यातून घरी आणलं, आणि अर्ध्या तासात खाली टेम्पो वाजला. तुम्ही पाचवी पुजायला आला होतात. चार बायका, मामंजी, खण-नारळ, सटवाईचा टाक, कणकेचे दिवे, आणि तुमच्या घरचा तो काळा पाटा-वरवंटा, ज्याच्यावर निघोज्याच्या दोन पिढ्यांच्या पाचव्या झाल्या. लिफ्ट बंद होती. पाटा तिसऱ्या मजल्यापर्यंत भिमाजीअण्णांनी आणि टेम्पोवाल्याने वाहून आणला, आणि प्रत्येक मजल्यावर थांबून अण्णा वास्तुशांतीबद्दल एकेक वाक्य बोलले. ते सगळं मला ऐकू येत होतं आणि उठता येत नव्हतं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण माझ्या बाजूने कसं दिसलं ते लिहिते. तुम्ही आत आलात, पाळणा शोधलात, मग माझ्या शेजारी गादीवर बघितलंत, मग चादर जरा उचललीत.

"कुठाय?"

मी म्हणाले, आत आहे.

"आत म्हंजे? त्या खोलीत?"

मी पोटावर हात ठेवला. तुम्ही माझ्या पोटाकडे बघितलंत. चारही बायकांनी बघितलं. अण्णा पाटा हातात तसाच धरून उभे.

"मंग आप्रेशन कशाचं झालं?"

"बाळाच्या पाठीचं."

"आन् मंग?"

"मग परत आत ठेवलं."

"परत आत ठिवलं? डबा हाय का त्यो? झाकण काढलं, मीठ घातलं, झाकण लावलं?"

आत्या, मला इतकं हसू आलं की टाके ओढले गेले आणि डोळ्यांतून पाणी आलं. रणजीत ओरडला, "हसवू नका तिला, टाके हायेत!" (घाबरला की तो निघोज्याचं बोलतो.) तुम्ही म्हणालात, "मी हसवतीय व्हय?" आणि मग भावाकडे वळलात. "तात्या, तुला ठावं हुतं?" मामंजी म्हणाले, "व्हय." "मंग बोलला का न्हाईस?" "बोलू नगं म्हनले हुते." मला वाटतं, त्या क्षणापासून तुम्ही त्यांच्याशी बोलत नाही.

तेवढ्यात अण्णांनी पाटा गॅलरीत ठेवून जिन्यातूनच गुरुजींना फोन लावला होता, कारण त्यांचे देव शेडमध्ये होते. गुरुजी म्हणाले, बाळ जन्मलं असेल तर सोयर दहा दिवस, जन्मलं नसेल तर काहीच नाही. अण्णा म्हणाले, पण गुरुजी, पाठ बाहेर आली होती, डॉक्टरांनी बघितली, टाकेपण घातले. गुरुजींनी फोन धरूनच पोथी चाळली. मग म्हणाले, असा प्रसंग माझ्या पोथीत नाही; तरी तुमच्या समाधानासाठी पाठीपुरती धरा, पाच दिवस झालेच आहेत, आज आंघोळी करून मोकळे व्हा. (बाकीचं बाळ येईल तेव्हा उरलेली पाळायची का, हेही अण्णांनी विचारलं. तोवर फोन कट झाला होता.) त्यामुळे माझं लेकरू हे निघोज्याच्या इतिहासातलं पहिलं माणूस आहे, ज्याची सोयर दोन हप्त्यांत पाळली जाईल.

आता पाटीविषयी. तुम्ही त्या दिवशी भिंतीकडे बोट दाखवून "ह्ये पाच कशाचे?" म्हणून विचारलं होतंत आणि कोणी उत्तर दिलं नाही. कंपनीच्या गेटवर असते तशी ती पाटी रणजीतने करून आणली आहे. हिरवी चौकट, वर "अपघातविरहित दिवस", खाली रोज बदलायचा आकडा, त्याच्या खाली "उद्दिष्ट ८४". चौऱ्याऐंशी म्हणजे सदतीस आठवडे. तोवर बाळ आत राहिलं पाहिजे. गर्भपिशवीवर ताजी शिवण आहे, कळा सुरू झाल्या तर ती ताणली जाते, म्हणून मला कळा येऊ द्यायच्या नाहीत, आणि सदतिसाव्या आठवड्यात पोट उघडूनच बाळ काढायचं. एवढाच माझा सध्याचा धंदा : पडून राहणे. करायला सगळ्यात सोपा आणि बघणाऱ्याला सगळ्यात न पटणारा. माझी आई रोज सकाळी पिंपळे गुरवहून दोन बस बदलून डबा घेऊन येते आणि मी पडलेली दिसले की तिला बरं वाटतं, बाकी जो येतो तो आधी "अगं, पडूनच?" म्हणतो. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी भिंतीवर गुटगुटीत बाळाचा फोटो लावायला आणून दिला. मी तो उजव्या भिंतीवर लावला आहे. मी डाव्या कुशीवर असते. कंपनीतून जयदीपचा दिवसाआड फोन येतो, मॅडम, अमका गेज कुठे ठेवलाय? परवा मी पडल्या पडल्या व्हिडिओवर एक अख्खी ट्रॉली तपासली आणि दोन पीस पिवळ्या डब्यात टाकायला लावले.

आकडा बदलायचं काम मामंजींकडे आहे, पाचवीला आले ते इथेच राहिले. दिवसभर ते त्या पाटीवर वॉचमनसारखे बसतात. एकोणिसाव्या दिवशी ते स्वतः बाथरूममध्ये घसरले, कोपर सुजलं, आणि बाहेर येऊन त्यांनी पाटीवर शून्य केलं. म्हणाले, अपघात झाला, नियम म्हणजे नियम. मी म्हणाले, मामंजी, अपघात तुम्हाला झाला. म्हणाले, "पाटीवर लिवलंय का तुजं नाव?" पाटीवर खरंच माझं नाव नव्हतं. रणजीत ड्युटीवरून येऊन आकडा परत लावीपर्यंत आमच्या घरात शून्य दिवस होते. मला ते शून्य बघवेना, म्हणून मी त्या दिवशी उजव्या कुशीला वळले आणि गुटगुटीत बाळ बघत पडले.

एकतिसाव्या दिवशी मात्र दुपारी जेवताना पोट दगडासारखं झालं. सुटलं, पुन्हा झालं. आईच्या हातातली वाटी पडली. रिक्षाने डांगे चौक ओलांडायला त्या दिवशी जेवढा वेळ लागला तेवढ्यात माणूस पुणं बघून येतो. दवाखान्यात दोन दिवस ठेवलं, सुया लावल्या, पट्टा बांधला. त्या पट्ट्यातून बाळाच्या ठोक्यांचा आवाज खोलीभर येत होता आणि मी तो मोजत होते, कारण मला मोजण्याशिवाय दुसरं काही येत नाही. आठ महिन्यांचं होईस्तोवर तरी थांब, एवढं मी त्याला सांगितलं. (सातव्याचं जगतं आणि आठव्याचं जगत नाही, असं तुम्ही म्हणता हे मला माहीत आहे. डॉक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, जितके दिवस आत तितकं चांगलं. आठवा लागला आहे. आम्ही दोघं आठव्यातून जाणार आहोत आणि नवव्यातही जाणार आहोत, आणि ही म्हण मी निघोज्याच्या वेशीवर आणून परत करणार आहे.) कळा थांबल्या. घरी आलो. मामंजींनी शून्याचा आकडा हातात घेतलेला होता. मी दारातूनच सांगितलं, पाटीला हात लावायचा नाही. आज तेहतीस. तेहतीसच लावायचे. त्यांनी लावले. दुसरा तीन जरा तिरका बसला, तो दिवसभर कोणी सरळ केला नाही.

बाळ चालेल का, केव्हा चालेल, पायात पट्टे लागतील का, हे आज कोणीच सांगत नाही. डॉक्टरबाईही नाही. त्या सांगत नाहीत म्हणूनच माझा त्यांच्यावर विश्वास आहे. जी माणसं सगळं आधीच सांगून टाकतात त्यांना मी एकदा अंगणात ऐकलं आहे. मला कीव नको, ग्रहशांत नको, नवस नको, आणि भिमाजीअण्णांची वास्तुशांत माझ्यामुळे लांबली म्हणून माफीही मागणार नाही. (त्यांना म्हणावं, घराला थांबायला काय झालं? माझं घर आधी पुरं होऊ दे.) मला कोणाकडूनही काहीही नको आहे. हे कळवण्यासाठीच हे पत्र लिहिलं.

गुडघ्याला जपा. तेल लावा, वास घेऊ नका.

तुमची आज्ञाधारक (सोयीनुसार)
उत्कर्षा

ता. क. : पाटा-वरवंटा त्या दिवशी कोणी खाली न्यायला तयार झालं नाही, म्हणून तो अजून गॅलरीतच आहे. आईने त्यावर एकदा शेंगदाण्याची चटणी वाटली. देवाचा दगड आहे हे तिला नंतर सांगितलं. चटणी छान झाली होती. पाटा न्यायला माणूस पाठवू नका, मी देणार नाही.

आणखी एक ता. क. : पत्र लिहून दोन दिवस उशीखाली पडून होतं. आज चोपन्न. वर लिहिलं ना, की गावात पेढे आणि जिलबी कोणीतरी वाटली? ते कोणी, हे मी मामंजींना कितीदा विचारलं, ते बोलले नाहीत. परवा शेवटी बोलले. दोन्ही तुम्ही वाटलेत. दुखऱ्या गुडघ्याने आळीतून स्वतः फिरलात, प्रत्येक उंबऱ्यावर "आमच्या रणजीतचं लेकरू" म्हणालात. ज्याला ठेवू नका म्हणालात, त्याचे. हे मला आधी कळलं असतं तर वरचं पत्र एवढं लांब झालं नसतं. तरी मी त्यातलं काही खोडत नाही. तुम्हीही खोडू नका.

खरं काम आता लिहिते. आणखी तीस दिवसांनी बाळ बाहेर येईल, सगळंच्या सगळं. पाठीवर बोटभर वण असेल. आईला न्हाऊ घालशील का म्हणून विचारलं तर ती वणाचं नाव काढताच रडते. बाई लावली तर ती त्या पाठीकडे बघेल आणि मग माझ्याकडे बघेल, ते मला सोसायचं नाही. निघोज्यात आईवेगळ्या रणजीतसकट एकूणएक लेकरू तुमच्या पायांवर न्हायलं आहे. मला तुमचे पाय हवेत. गुडघा दुखत असेल तर पाट उंच करून घेऊ. डॉक्टरबाईंना विचारून ठेवलं आहे, जोर द्यायचा नाही, कुठे कसा हात लावायचा ते त्या तुम्हाला स्वतः दाखवतील. तुम्ही त्यांना ग्रहणाचं विचाराल, विचारा.

त्या दिवशी चप्पल घालून झाल्यावर तुम्ही दारातून मागे वळून विचारलं होतंत, "पाय हालिवतं का?" आणि उत्तराला न थांबता जिना उतरून गेलात. हालिवतं, आत्या. दोन्ही. आत्ता हे लिहिताना पोटाला टेकवलेल्या पत्राखालच्या पुठ्ठ्याला ठोसे देतं आहे, त्यामुळे शेवटच्या चार ओळी वाकड्या आल्या आहेत.

आणि शेवटचं : पाचवीच्या सामानातली सटवाईसाठी आणलेली कोरी वही आणि नवं पेन तुम्ही फडताळावर विसरून गेला होतात. रात्री येऊन ती बाळाचं नशीब लिहिते म्हणतात. सदतिसाव्या आठवड्यापर्यंत वही कोरी ठेवणं मला बरं वाटेना. हे पत्र त्याच कागदावर, त्याच पेनाने लिहिलं आहे. येताना तिच्यासाठी दुसरी वही आणा. पेन नको, हे चांगलं चालतं.